गर्दीचा बहाणा

कारंज्याचा विषय निघाला आणि चार माणसं बोलायला बसली की थोड्या वेळात एक वाक्य हमखास येतं: लोकसंख्या बेसुमार वाढली, बाहेरची माणसं आली, जुना कारंजा गेला. नळाला पाणी आलं नाही तरी हेच कारण, दिल्ली वेशीपाशी वाहनं अडकली तरी हेच, नाली तुंबली तरी हेच. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, की लोकांच्या अपेक्षाही फार वाढल्या आहेत; आमच्या आईबापांनी विहिरीवरून पाणी भरलं, आताच्यांना घरातच नळ हवा आणि तोही रोज. असं बोलणारी माणसं या गावावर प्रेम करणारी आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. परक्यानं केलेला चुकीचा निवाडा वाऱ्यावर सोडता येतो, घरच्यानं केलेला धोरण होऊन बसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कारंजा वेगानं वाढलेला नाही. ज्याला आपण लोकसंख्येचा दोष म्हणतो तो नियोजनाचा, पैशाचा आणि जबाबदारीचा दोष आहे, आणि गर्दीचं नाव पुढे केल्यामुळे गेली कित्येक वर्षं त्याचा जाब कुणालाच विचारला गेलेला नाही.

आधी आकडे पाहू. १९०१ च्या जनगणनेत कारंज्याची लोकसंख्या साडेसोळा हजार होती. तेव्हा हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात आणि अमरावती जिल्ह्यात मोडत होतं; पुढे ते अकोला जिल्ह्यात गेलं आणि १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात आहे. २००१ साली इथली लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती, २०११ साली अडुसष्ट हजारांच्या आसपास. म्हणजे एकशे दहा वर्षांत साधारण चौपट. आता याच काळातला महाराष्ट्र पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९०१ साली १ कोटी ९४ लाख माणसं होती, २०११ साली ती ११ कोटी २४ लाख झाली. जवळजवळ सहापट. खेडी, डोंगर, दुष्काळी तालुके सगळं धरून आलेली ही वाढ आहे. त्या सरासरीपेक्षाही आपलं हे व्यापारी शहर मागे राहिलं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. वाशिम जिल्हा या काळात सतरा टक्क्यांहून थोडा जास्त वाढला. वाशिम शहर चोवीस-पंचवीस टक्क्यांनी वाढलं. राज्याची शहरी लोकसंख्याही तेवीस-चोवीस टक्क्यांनी वाढली. कारंजा वाढला तेरा टक्क्यांनी. स्वतःच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांची सरासरीही ज्याला गाठता आली नाही, त्या शहराला ‘बेसुमार वाढलेलं’ म्हणायचं कोणत्या हिशेबानं?

आणि ‘बाहेरची माणसं आली’ हे? दहा वर्षांत जेमतेम आठ हजार माणसं वाढली, म्हणजे वर्षाला आठशेच्या आत. त्या दशकात राज्याचा जन्मदर उणे मृत्युदर हजारी दहा ते तेराच्या दरम्यान होता. तो दर साठ-अडुसष्ट हजारांच्या गावाला लावून पाहा. वर्षाला सातशे ते आठशे, हाच आकडा येतो. याचा अर्थ झालेली वाढ जवळपास सगळी गावातल्याच घरांमधल्या पाळण्यांची आहे. जितके आले तितकेच गेले. खेड्यातून कुणी मुलांच्या शाळेसाठी कारंज्यात खोली घेतली असेल, तर कारंज्यातून कुणी पुण्याला, नागपूरला, अमरावतीला गेलं असेल. बाहेरच्यांच्या लोंढ्याची गोष्ट आपण सांगतो, पण त्या लोंढ्याचा मागमूस जनगणनेत सापडत नाही.

खरी वेगवान वाढ कशी असते ते बघायचं असेल तर पिंपरी-चिंचवडकडे बघावं. २००१ साली तिथे दहा लाखांच्या वर माणसं होती, २०११ साली सतरा लाखांच्या वर. दहा वर्षांत सात लाख, म्हणजे दहा कारंजे एकाच शहरात येऊन राहिले. त्यांत कारंज्याची पोरंही आहेत, कारखान्यांत आहेत, हिंजवडीच्या कंपन्यांत आहेत. ज्या शहरानं दहा कारंजे पोटात घेतले तिथल्या माणसानं गर्दीची तक्रार केली तर समजू शकतं. ज्या गावातून तरुण उठून गेले त्या गावानं तीच तक्रार करावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा, की २०११ चे आकडे शिळे झाले. बरोबर आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची मोजणी २०२७ ची आहे. पण आकडा जुना आहे म्हणून मनातला आकडा खरा ठरत नाही. चौकात लाखाच्या पुढचे आकडे सहज फेकले जातात, त्यांना कसलाही आधार नसतो. जुना आकडा निदान दारोदार जाऊन मोजलेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लोक म्हणतात, गाव डोळ्यांदेखत पसरलंय. वेशींच्या बाहेर जिथे ज्वारी-कपाशी उभी राहायची तिथे आता लेआउट पडले आहेत, त्यातले काही नगर परिषदेच्या हद्दीबाहेर आहेत, मग तुमच्या जनगणनेत ते दिसणार कसे? गाव पसरलंय हे खरंच आहे. पण पसरणं आणि वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

जुन्या वस्तीतला कोणताही एक वाडा घ्या. पुढे ओसरी, आत चौक, मागे आड, बाजूला गुरांचा गोठा. आजोबा होते तोवर एक चूल, दहा-बारा माणसं, दाराशी एखादी सायकल. आजोबा गेले, तीन भावांच्या वाटण्या झाल्या. थोरला वाड्यातच राहिला, त्यानं गोठ्याच्या जागी दोन दुकानगाळे काढले. मधल्यानं बायपासकडे दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला, स्लॅबचं घर बांधलं, बोअर मारली. धाकटा नोकरीनिमित्त पुण्याला गेला, पण म्हातारपणी परतायचं म्हणून त्यानंही एक प्लॉट घेऊन ठेवला, तो गाजरगवतानं भरलाय. आता मोजा. माणसं पूर्वीपेक्षा कमी. चुली दोन, नळाची कनेक्शनं दोन, विजेची मीटरं गाळ्यांसकट चार, मोटारसायकली तीन, एक चारचाकी, सांडपाण्याच्या तोंडाला दोन वेगळ्या नाल्या आणि घंटागाडीला एक किलोमीटरचा जादा फेरा. शिवाय एक रिकामा प्लॉट, ज्याच्यासमोरून रस्ता आणि पाइप न्यावाच लागणार. एकही माणूस न वाढता गावावरचा बोजा दुपटीच्या पुढे गेला.

कारंज्यात झालं ते हे. कुटुंबं लहान झाली, घरं वाढली, वाहनं वाढली, गाव आडवं पसरलं. हे फुटणं लोकसंख्येवर ढकललं की त्याचा विचारच करावा लागत नाही. कोणत्या लेआउटला परवानगी देताना विकसकाकडून रस्ता, नाली आणि खुली जागा खरोखर करून घेतली? कुठे नुसता अकृषक परवाना आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर प्लॉट विकले गेले? खुल्या जागेवर नंतर काय उभं राहिलं? हे विचारता येण्यासारखे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं कागदावर असतात. ‘लोक फार झाले’ या वाक्याला कागद लागत नाही.

दिल्ली वेशीतली कोंडीही अशीच. दिल्ली, पोहा, दारव्हा, मंगरूळ या वेशी बैलगाड्यांच्या काळात बांधल्या गेल्या. त्यांच्या कमानीतून आज ऑटो, पिकअप आणि बुलेट जातात. शिवाय कारंजा हे बाजाराचं गाव. सोयाबीनचा हंगाम आला की आसपासच्या गावांचा माल बाजार समितीत उतरतो, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिराला दर्शनासाठी राज्यभरातून, कर्नाटकातूनही गाड्या येतात. ही माणसं संध्याकाळी परत जातात, आपल्या खानेसुमारीत ती नसतात, पण त्यांच्यावरच या गावाची पेठ चालते. गर्दी नको असं म्हणणाऱ्या दुकानदारानं एकदा आपल्या गल्ल्याकडे बघावं. वाहनतळ करायचा असतो तो या गर्दीसाठी. तो झाला नाही हा गर्दीचा अपराध नव्हे.

आता ओळखीविषयी. हा मुद्दा सगळ्यांत हळवा आहे आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त गैरवापर त्याचा होतो.

कारंज्याची जुनी ओळख म्हणजे नेमकी कोणती? १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात उतरल्या आणि त्यांनी कारंजा लुटला. तेव्हाच्या नोंदी सांगतात की एक कोटी रुपयांची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली. एवढी संपत्ती एका जातीच्या, एका बोलीच्या, वेशी बंद करून बसलेल्या गावात साठत नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गावात साठते. गावातल्या कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका, गाऱ्यात कस्तुरी कालवून भिंती उभारल्याची, खरी असो वा नसो. लांबून माल घेऊन येणारा व्यापारी आणि तो विकत घेणारा गावकरी यांच्याशिवाय ती रचलीच गेली नसती.

इथल्या जैन परंपरेचं बघा. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन भट्टारकपीठं, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या गाद्या, एका गावात होती. ज्या बघेरवाल समाजानं या मंदिरांना आधार दिला तो मूळचा राजस्थानातला. कारंज्याचे जैन आले, राहिले, त्यांनी मंदिरं बांधली, हस्तलिखितं गोळा केली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली तेव्हा इथल्या भांडारांतलं अपभ्रंश साहित्य विद्वानांपुढे आलं. पुढे त्यातूनच पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’ हे ग्रंथ संपादित होऊन निघाले. भारतीय भाषांच्या अभ्यासात कारंज्याचं नाव या पोथ्यांमुळे घेतलं जातं. १९१८ साली निघालेला महावीर ब्रह्मचर्याश्रमही बाहेरगावच्या मुलांना घेऊनच मोठा झाला. बाहेरून आलेल्या माणसांनी आणि बाहेरून आणलेल्या पोथ्यांनी घडलेली ही ओळख आहे.

गुरुमंदिराचीही हकिकत वेगळी नाही. नृसिंह सरस्वती चौदाव्या शतकात इथे जन्मले अशी परंपरा आहे. पण ते लहान वयात घर सोडून काशीला गेले; त्यांचं कार्य नरसोबाची वाडी आणि गाणगापूर इथलं. जन्मस्थान म्हणून कारंज्याची प्रतिष्ठा झाली ती विसाव्या शतकात. ब्रह्मानंद सरस्वतींनी इथे पादुकांची स्थापना केली ती १९३४ साली. आज जी ओळख आपल्याला अनादि वाटते तिच्या मंदिराला अजून शंभर वर्षंही व्हायची आहेत. ही गोष्ट मी श्रद्धेला उणेपणा आणण्यासाठी सांगत नाही. उलट, हे गाव नवी ओळख स्वीकारून ती आपल्या अंगी लावून घेऊ शकतं, याचा हा पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘बाहेरचे’ असं म्हणताना बोट कुणाकडे असतं हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. कधी ते मुसलमान मोहल्ल्याकडे असतं, कधी खेड्यातून मजुरीला आलेल्या बंजारा आणि दलित कुटुंबांकडे. वेशींच्या आतली मुस्लिम वस्ती शतकानुशतकं इथली आहे. वऱ्हाडावर एलिचपूरची इमादशाही होती, मग निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम. या वस्तीतल्या लोकांना बाहेरचे म्हणायचं तर मग आतलं कुणीच उरत नाही. तांड्यावरून आलेल्या बाईनं मुलीला इथल्या शाळेत घातलं तर गावाची ओळख बिघडते, हे मला मान्य नाही, कधीच होणार नाही.

गावाची ओळख खरोखर ज्यामुळे ढासळली त्या गोष्टींकडे आपण बघत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची ‘शकुंतला’ अरुंद रुळावरची रेल्वे कारंज्यावरून जायची. इंग्रज कंपनीनं ती वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी बांधली, पण तिच्यामुळे कारंजा मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. ती गाडी बंद पडून वर्षं झाली. रुंदीकरणाच्या घोषणा आपण ऐकत राहिलो. कापूस मागे पडला, सोयाबीन आलं. जिनिंगमध्ये जितक्या हातांना वर्षभर काम मिळायचं तितकं सोयाबीन देत नाही. १९९९ साली नगर परिषदांची जकात बंद झाली. नाक्यावर वसूल होणारा पैसा हा पालिकेचा स्वतःचा होता. त्या जागी राज्याचं अनुदान आलं आणि पालिका मुंबईकडे हात पसरून बसू लागली. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांचा कारभार २०२२ च्या सुमारापासून २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांच्या हाती होता. ज्याला मत द्यायचं किंवा नाकारायचं असा माणूसच त्या काळात नव्हता. यातल्या एकाही गोष्टीचा जन्मदराशी संबंध नाही.

राहिल्या अपेक्षा. ‘पूर्वी लोक भागवून घ्यायचे’ असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय: पूर्वी भागवून कोण घ्यायचं? डोक्यावर हंडे कोण वाहायचं? कुणाच्या विहिरीवर कुणाला चढू दिलं जात नव्हतं? ज्या काळी गाव समाधानी होतं असं आपण म्हणतो, त्या काळी अर्ध्या गावाचं मत कुणी विचारलंच नव्हतं. आज पश्चिम विदर्भातल्या बहुतेक गावांत नळ रोज येत नाही. नळाच्या दिवशी पहाटेपासून ड्रम, टाक्या, घागरी मांडून ठेवतात, ज्याच्याकडे टिल्लू पंप आहे तो ओढून घेतो, शेवटच्या घराला नुसती हवा येते, आणि त्या घरची बाई त्या दिवसाची मजुरी बुडवते. ही बाई रोज पाणी मागत असेल तर तिची अपेक्षा फाजील नाही, फार उशिरा आलेली आहे.

आणि ती पुरी करता येण्यासारखी आहे का? हिशेब मांडू. मलवाहिनी नसलेल्या शहराला माणशी रोज ७० लिटर आणि मलवाहिनी असलेल्या शहराला १३५ लिटर पाणी द्यावं, असं केंद्राचं मानक आहे. अडुसष्ट हजारांना ७० लिटरप्रमाणे रोज सुमारे ४८ लाख लिटर लागतात, १३५ प्रमाणे ९२ लाख. वर्षाचं हे पाणी साडेतीन दशलक्ष घनमीटरच्या आत बसतं. शहराला पाणी देणारं अडाण धरण मध्यम प्रकल्पात मोडतं, त्याचा साठा याच्या कित्येक पट आहे. दुष्काळाचं वर्ष सोडलं तर धरणात पाणी असतं. मग ते घरापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न पंपांचा, जलवाहिनीचा, उंच टाक्यांचा, गळतीचा आणि थकलेल्या वीजबिलांचा होतो. या प्रत्येक गोष्टीचं मोजमाप होऊ शकतं. माणसं जास्त झाली म्हटलं की मोजमाप थांबतं.

हे आत्ताच सांगायचं कारण असं, की खरी वाढ कदाचित पुढे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. कारंज्याला इंटरचेंज आहे. जमिनीचे भाव त्याआधीच चढले, शेतकऱ्याच्या धुऱ्यावर दलाल उभे राहू लागले. गोदामं येतील, हॉटेलं येतील, त्यांच्यामागे माणसं येतील. शेजारी सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे, अठरा चौरस किलोमीटरचं; शहर त्या अंगानं पसरलं तर ते टिकायचं नाही. तेरा टक्के वाढीत ज्या गावानं हात टेकले, ते तीस टक्क्यांत काय करणार? आजवरच्या अपयशाला आपण गर्दी हे नाव दिलं, तर उद्या खरी गर्दी येईल तेव्हा आपल्याकडे ना विकास आराखडा असेल ना सबब.

नगर परिषदेत आता निवडून आलेली माणसं आहेत. २०२७ च्या मोजणीचे आकडे येतील तेव्हा ते पंच्याहत्तर हजार निघोत की लाख, ‘बघा, किती वाढले’ असं कुणाला म्हणू देऊ नका. त्याआधीच आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे तीन कागद मागा: मंजूर लेआउटची यादी आणि त्यातल्या खुल्या जागांची आजची स्थिती, धरणातून उचललेलं पाणी आणि घरांना पोचलेलं पाणी यांचा ताळा, आणि हद्दीबाहेरच्या वस्त्या शहरात घेण्याचा प्रस्ताव कुठे अडलाय त्याचं लेखी उत्तर. तोंडी उत्तर मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं.